कर्बवायूची कैफियत

शाळेत हृदयाची आकृती काढायला दोन स्केचपेनं लागायची, एक लाल आणि एक निळं. निळं ज्याच्याकडे नसे तो शेजाऱ्याचं पळवायचा, कारण बाईंचा दंडकच होता: शुद्ध रक्त लाल, अशुद्ध रक्त निळं, आणि रंग चुकला की अर्धा मार्क गेला. त्या अर्ध्या मार्काच्या धाकाने आपल्या कितीतरी पिढ्या अशा समजुतीत वाढल्या की अंगात दोन प्रतींचं रक्त वाहतं. एक सोवळं नेसून फुप्फुसातून निघतं, हृदयामार्गे सगळ्या अवयवांना दर्शन देतं, तिथे त्याला विटाळ होतो आणि मग ते निळं होऊन, खाली मान घालून परत येतं. फुप्फुसात पोचलं की पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं.

या कथेत प्राणवायू नायक आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमच्या वेळचा कर्बवायू, खलनायक. त्यात निळा रंग त्याच्या वाट्याला आलेला, आणि निळू फुल्यांचे सिनेमे पाहून मोठं झालेल्या आमच्यासारख्यांना खलनायक निळा असण्यात काही वावगंही वाटलं नाही. पण निळूभाऊ पडद्यावर कितीही बेरकी पाटील रंगवोत, पडद्याबाहेर ते राष्ट्र सेवा दलातले सरळ, सज्जन कार्यकर्ते होते. कर्बवायूचीही बाहेरची कीर्ती आणि घरातली वागणूक यांत असंच जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आज त्याचं वकीलपत्र घ्यायचा विचार आहे. फी मिळणार नाही, हे ठाऊक आहे.

शुद्ध-अशुद्धाच्या समजुतीला पहिला तडा जातो तो रक्तदान शिबिरात. शिबिरांना आपल्याकडे तोटा नाही. गणेशोत्सव, शिवजयंती आणि वॉर्डातल्या कुठल्याही होतकरू नेतृत्वाचा वाढदिवस, एवढी कारणं वर्षभर पुरतात. फ्लेक्सवर नेतृत्व हात जोडून उभं असतं, खाली मंडपात ओळीने कॉट, प्रत्येक कॉटवर एक दाता, मुठीत स्पंजचा चेंडू, दंडाला पट्टा. ताई कोपराच्या खळग्यात टिचक्या मारून शीर वर आणतात. सुई आत जाते, पारदर्शक नळीतून रक्त सरकायला लागतं आणि पहिल्यांदाच आलेले गृहस्थ त्याच्याकडे बघून स्वतः पांढरे पडतात. निळं तर नाहीच, पण सिनेमातल्यासारखं लालभडकही नाही. गर्द, काळपट तांबडं.

“अहो ताई, हे एवढं काळं कसं?”

“शिरेतलं आहे ना काका, असंच असतं. मूठ उघडझाप करा.”

“म्हणजे खराब म्हणायचं का?”

“खराब असतं तर घेतलं असतं का आम्ही? बोलू नका. मूठ.”

ताई पुढच्या कॉटकडे वळतात. पिशवी ठेवलेलं यंत्र डुलत राहतं आणि ३५० मिलिलिटर झाले की थांबतं. काका उठतात, ग्लुकोजची बिस्किटं खातात, फ्रूटी पितात, प्रमाणपत्र आणि पाण्याचा जार घेऊन घरी जातात. पण मनात किंतु राहतोच: आपण समाजाला अशुद्ध रक्त दिलं की काय?

काकांनी हा किंतु काढून टाकावा. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात तो कातडीतून जाणाऱ्या-येणाऱ्या उजेडाचा खेळ. आतलं रक्त दोन्हीकडे तांबडंच, एकीकडे उजळ आणि दुसरीकडे गडद. खरं निळं रक्त पाहायचंच असेल तर ते खेकड्याचं आणि म्हाकुलाचं. त्यांच्या रक्तात लोखंडाऐवजी तांबं असतं. तिथे तर कहर असा की प्राणवायू घेतला की रक्त निळं होतं आणि सोडला की रंगच उडतो. म्हणजे आमच्या बाईंनी मालवणी खेकड्याची आकृती काढायला सांगितली असती तर अख्ख्या वर्गाचा अर्धा मार्क गेला असता.

आता थोडे आकडे सांगतो, कारण आकडेच या खटल्यातले मुख्य साक्षीदार आहेत. धमनीतलं १०० मिलिलिटर रक्त घ्या, म्हणजे फुप्फुसात नुकतंच न्हाऊन आलेलं, सोवळ्यातलं. त्यात प्राणवायू असतो सुमारे २० मिलिलिटर. आणि कर्बवायू? सुमारे ४८. पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. ज्या रक्ताला आपण शुद्ध म्हणून ओवाळतो त्यात कर्बवायू प्राणवायूच्या दुपटीहून जास्त असतो. आता शिरेतलं घ्या, काकांच्या पिशवीतलं. त्यात कर्बवायू ५२ आणि प्राणवायू १५. म्हणजे शुद्ध होऊन निघालेलं रक्त सगळं अंग फिरून येतं तेव्हा एकाचे पाच कमी झालेले असतात आणि दुसऱ्याचे चार वाढलेले. एवढ्याशा फरकावर जो शुद्ध-अशुद्ध ठरवतो त्याला जातपंचायतीत मानाची जागा मिळेल, शरीरशास्त्रात मिळणार नाही.

यातून आणखी एक गंमत बाहेर येते. रक्त २० घेऊन निघतं आणि १५ परत आणतं. तीन चतुर्थांश माल न विकता माघारी! पण हा आळस नव्हे, हा राखीव साठा आहे. तुम्ही जिन्याकडे धावलात, लोकल पकडायला निघालात, की मांड्यांचे स्नायू त्या पंधरातून आणखी उचलतात. बसल्या जागी आपल्याला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. वर्तमानपत्र वाचायलाही तेवढाच, आणि ते वाचून चिडायला किंचित जास्त.

हा प्राणवायू वाहतो कोण, तर रक्तातली तांबडी पेशी. हिचं चरित्र वाचलं की डोळ्यांत पाणी येतं. जन्म हाडांच्या आतल्या मगजात. दर सेकंदाला अशा २० लाखांहून अधिक जन्मतात, आणि अंगात एका वेळी हजर असतात सुमारे २५ लाख कोटी. हा ‘लाख कोटी’ शब्द एरवी आपण फक्त अर्थसंकल्पात आणि घोटाळ्यांत ऐकतो; तो आपल्या अंगातही इमानदारीने राबतोय हे कुणी सांगत नाही. रक्तात उतरण्याआधी ही पेशी आपलं केंद्रक टाकून देते. पुढे ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही टाकते. डोकं नको, चूल नको, फक्त माल भरायला जागा हवी. आणि तंतुकणिका नाहीत म्हणजे प्राणवायू वापरायची सोयच नाही. जन्मभर जो माल वाहते त्यातला कणही ती स्वतः खात नाही. थोडी साखर आंबवून त्यावर दिवस काढते. गोदामावर नेमलेला इतका निर्लोभी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सगळी जागा मोकळी करून ती भरते काय, तर हिमोग्लोबिन. एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू, आणि एका रेणूला चार लोखंडाचे अणू. एका लोखंडाला एक प्राणवायू. गुणाकार केलात तर एका पेशीत १०० कोटींहून जास्त प्राणवायूचे रेणू बसतात, आणि पेशीचा व्यास जेमतेम सात-आठ मायक्रॉन. हिमोग्लोबिन नसतं तर प्राणवायू रक्ताच्या पाण्यात विरघळून जावा लागला असता, आणि तो पाण्यात विरघळायला फार कंटाळा करतो: १०० मिलिलिटरला जेमतेम ०.३. तेवढ्यावर संसार चालवायचा तर हृदयाला मिनिटाला ५ लिटरऐवजी ८० लिटरहून जास्त रक्त फेकावं लागेल. अंटार्क्टिकाच्या समुद्रात हिमोग्लोबिन नसलेले मासे आहेत खरे, पण ते बर्फगार पाण्यात संथ पडून असतात आणि त्यांना दहावीनंतर सायन्स की कॉमर्स असले प्रश्न पडत नाहीत.

हिमोग्लोबिनचा स्वभावही ऐकण्यासारखा. पहिला प्राणवायू घेताना ते आढेवेढे घेतं. तो एकदा बसला की रेणूचा आकारच थोडा बदलतो आणि दुसरा, तिसरा सहज बसतात. चौथ्याला तर ते स्वतःच बोलावतं. सोडतानाही तेच, एक उठला की बाकीचे चुळबुळ करायला लागतात. हे आकाराचं कोडं सोडवायला माक्स पेरुत्झ १९३७ मध्ये केंब्रिजात बसले. रेणूची रचना हाती आली १९५९ मध्ये आणि नोबेल मिळालं १९६२ मध्ये. आजच्या कुठल्या विद्यापीठाने एका रेणूसाठी बावीस वर्षं दिली असती? तिसऱ्या वर्षीच प्रगती अहवाल मागून हैराण केलं असतं.

आपल्या घरांत मात्र हिमोग्लोबिनचा संबंध येतो तो रिपोर्ट हातात आल्यावर. “नऊ आलंय,” असं सून सांगते आणि सगळं घर वैद्य होतं. सासूबाई बीट म्हणतात, मावशी डाळिंब म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात दोन्ही एकत्र करून रस काढ. तर्क बिनतोड: लाल खा, लाल होईल. मग जास्वंदीनेच काय घोडं मारलंय? बिटाचा रंग लोखंडाचा नाही. लोखंड हवं तर अळीव बरे, कडधान्यं बरी, पालेभाज्यांवर लिंबू पिळलेलं बरं, मांसाहार चालत असेल तर कलेजी बरी, आणि डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी सगळ्यांत बरी. ती चहाबरोबर घेऊ नका, चहा ते लोखंड अडवून धरतो. पण बिटाचा रस चार बायकांच्या साक्षीने प्यायला जातो, गोळी मात्र ‘उष्ण पडते’ म्हणून फ्रिजवर पडून राहते. मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात लोखंड असतं तीन-चार ग्रॅम. भंगारवाला त्यासाठी हातगाडीही थांबवणार नाही. तरी त्याच्यावाचून सगळं अडतं.

तांबड्या पेशीला नोकरी १२० दिवसांची. निवृत्तिवेतन नाही, निरोप समारंभ नाही. प्लीहेत नाहीतर यकृतात तिला सरळ खाऊन टाकतात. लोखंड काढून नव्या पेशींना देतात आणि उरलेल्या भागाचं पिवळं पित्तद्रव्य होतं. सकाळी संडासात जो पिवळा-तपकिरी रंग आपण बघतो (सगळेच बघतात, कबूल कुणी करत नाही) तो या जुन्या कर्मचाऱ्यांचाच.

आता आमच्या अशिलाकडे येऊ. पेशी केशवाहिनीत शिरते. वाट इतकी चिंचोळी की तिला एकेकटीने, अंग दुमडून जावं लागतं. तिथे प्राणवायू उतरतो आणि कर्बवायू चढतो, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं. ते चढणं कसं होतं, हे मात्र अभ्यासक्रमात बसत नाही. साधारण शंभरातले सात भाग नुसते विरघळून जातात. तेवीसेक भाग हिमोग्लोबिनला चिकटतात, पण प्राणवायूच्या खुर्चीवर बसत नाहीत. लोखंड सोडून ते बाजूच्या प्रथिनाच्या कडेला टेकतात. आमच्या अशिलाने कधी कुणाची जागा बळकावली नाही, हे न्यायालयाने नोंदवून घ्यावं. उरलेले सत्तर भाग पेशीत शिरतात आणि पाण्याशी संयोग करून आम्ल होतात. ही क्रिया आपली आपण व्हायला वेळ लागला असता, आणि पेशीला केशवाहिनीत मिळतो सुमारे एक सेकंद. म्हणून पेशीत कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं विकर बसलेलं आहे. त्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात कामं उरकतो. कुठल्याही तलाठी कार्यालयात याचा फोटो लावायला हरकत नाही.

ते आम्ल लगेच फुटतं आणि त्यातून निघतो बायकार्बोनेट. ओळख पटली का? आपल्या स्वयंपाकघरातल्या खायच्या सोड्यात जो असतो तोच, तिळमात्र वेगळा नाही. हा पेशीतून बाहेर रक्ताच्या पाण्यात उतरतो आणि त्याच्या बदल्यात एक क्लोराइड आत येतो, म्हणजे मिठातला अर्धा भाग. सोडा बाहेर, मीठ आत. या अदलाबदलीला हॅम्बर्गर नावाच्या डच शास्त्रज्ञाचं नाव आहे. योगायोग आहे, पण खाद्यपदार्थांचा विषय निघालाच होता.

मग हे रक्त फुप्फुसात येतं. तिथे प्राणवायू हिमोग्लोबिनवर चढला की हिमोग्लोबिन थोडं आम्लधर्मी होतं आणि धरून ठेवलेले आम्लाचे कण सोडून देतं. ते कण त्या सोड्याला भेटतात. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुम्ही घरी करता. ढोकळ्याच्या पिठात सोडा घालून वर लिंबू पिळलं की पीठ जसं फसफसून वर येतं, तेच इथे होतं. वायू मोकळा होतो, फुप्फुसाच्या पिशव्यांत उतरतो आणि नाकावाटे बाहेर पडतो. आपण झोपलेलो असतो, घोरत असतो, आणि छातीत दर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर वायूचा ढोकळा फुलत असतो. पेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीत असते पाऊण सेकंद, आणि हे सगळं काम उरकतं पाव सेकंदात. उरलेला अर्धा सेकंद जिने चढण्यासाठी राखून ठेवलेला.

आता खटल्यातला मुख्य मुद्दा. प्राणवायू कुठे उतरवायचा हे हिमोग्लोबिनला कसं कळतं? त्याला ना पत्ता लिहून दिलेला, ना डोकं. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या ख्रिस्तियान बोर यांनी कार्ल हासेलबाल्ख आणि ऑगस्ट क्रोघ या सहकाऱ्यांबरोबर याचं उत्तर दिलं. रक्तात कर्बवायू वाढवला की हिमोग्लोबिन प्राणवायूवरची पकड ढिली करतं. म्हणजे जो स्नायू जास्त राबतोय, जिथे जास्त कर्बवायू निघतोय, तिथेच जास्त प्राणवायू उतरतो. पत्ता सांगणारा कोण? ज्याला आपण घाण म्हणतो तो. तो नसता तर नायकसाहेबांनी खुर्ची इतक्या सहजासहजी सोडली नसती. उलट्या बाजूची गोष्ट, म्हणजे प्राणवायू चढला की कर्बवायू सुटतो, ही १९१४ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि सहकाऱ्यांनी दाखवली.

बोर हे नाव ऐकलेलं असेल तर ते चिरंजीवांमुळे. अणूचं चित्र मांडणारे नील्स बोर हे ख्रिस्तियान यांचेच पुत्र. दुसरे पुत्र हाराल्ड गणिती झाले आणि शिवाय १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या फुटबॉल संघातून रौप्यपदक घेऊन आले. अशा घरात वडिलांनी जेवताना विषय तरी कुठला काढायचा! ख्रिस्तियान बोरांचा एक हट्ट मात्र होता. फुप्फुसं प्राणवायू नुसता जाऊ देत नाहीत, स्वतः कष्ट करून आत ढकलतात, असं ते मानत. १९१० मध्ये त्यांच्याच शिष्याने, क्रोघने, पत्नी मारीबरोबर एकामागून एक सात निबंध लिहून गुरूंचं म्हणणं मोडून काढलं. वायू आपला आपण, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. फुप्फुसं फक्त दार उघडं ठेवतात. या निबंधांना पुढे ‘सात छोटे सैतान’ असं नाव पडलं. आपल्याकडे शिष्याने असे सात निबंध लिहिले असते तर त्याचा प्रबंध आठव्या वर्षीही कपाटातच असता.

हॉल्डेनसाहेब तर स्वतःच्याच अंगावर प्रयोग करणारे. हवाबंद पेटीत स्वतःला कोंडून घ्यायचं आणि कधी घुसमटतं ते पाहायचं, हा त्यांचा छंद. त्यांना कळलं ते असं की कोंदट हवेत जीव कासावीस होतो तो प्राणवायू घटल्यामुळे नव्हे, आधी होतो तो कर्बवायू साचल्यामुळे. १९०५ मध्ये त्यांनी आणि प्रिस्टली यांनी (हे वेगळे प्रिस्टली; प्राणवायूचे जोसेफ प्रिस्टली १७७४ चे) दाखवून दिलं की पुढचा श्वास कधी घ्यायचा हे मेंदू कर्बवायूच्या पातळीवरून ठरवतो. हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

तर लक्षात घ्या. नायकाला कुणी विचारतच नाही. प्राणवायू बराच खाली घसरेपर्यंत शरीर स्वस्थ बसतं; कर्बवायू किंचित वाढला तरी मेंदू दचकून भाता जोरात हलवतो. याचा पुरावा आपण सगळ्यांनी २०२०-२१ मध्ये घरात बसून पाहिला. तेव्हा प्रत्येक घरात ऑक्सिमीटर आला होता, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातच्या गुलाबाऐवजी ‘बाबा ९७, आई ९८’ असे धावफलक पडायचे. काही रुग्ण ८५ वर असूनही फोनवर आरामात गप्पा मारत, “मला काही होत नाहीये,” म्हणत. त्यांच्या फुप्फुसांतून प्राणवायू पुरेसा आत येत नव्हता, पण कर्बवायू बाहेर जात होता. मग घंटा वाजवणार कोण?

त्या ऑक्सिमीटरचं तत्त्व म्हणजे शिबिरातल्या काकांचंच निरीक्षण. प्राणवायू असलेलं रक्त उजळ, नसलेलं गडद. चिमट्यातून बोटात दोन उजेड सोडायचे, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा, आणि नाडीच्या ठोक्यागणिक कुठला किती अडतो ते मोजायचं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये काढली. एप्रिल २०२० मध्ये ते वारले, नेमकं जगभरच्या बोटांना त्यांचा चिमटा लागत असताना. आपण ग्रुपवर आकडे टाकत होतो. त्यांचं नाव कुणाला माहीत होतं?

साथ सरली, पण प्राणवायूची हाव काही सरली नाही. सकाळी कुठल्याही बागेत जा, पांढऱ्या बुटांतले एक आजोबा मंडळाला सूचना देत असतात: “जोरात घ्या! भराभर घ्या! पायाच्या अंगठ्यापर्यंत ऑक्सिजन गेला पाहिजे!” अहो आजोबा, निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन बसल्या जागी शंभरातलं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भरलेलं असतं. शंभरावर खुर्च्याच नाहीत, बसवणार कुठे? भराभर श्वासाने प्राणवायू फारसा वाढत नाही, कर्बवायू मात्र भसाभसा निघून जातो. तो गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्त अल्कधर्मी होतं, हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून बसतं. डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. मंडळातल्या मावशी म्हणतात, “बघा, कशी ऊर्जा खेळायला लागली!” ऊर्जा नव्हे मावशी, आमचा अशील घर सोडून गेला. संथ, लांब श्वासाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती या घाईबद्दल.

त्याच बागेत वजन कमी करायला येणारीही मंडळी असतात. दहा किलो चरबी खरोखर झडली तर ती जाते कुठे? घामात गेली, असं बहुतेकांचं मत. हिशोब असा आहे की दहातले सुमारे ८.४ किलो कर्बवायू होऊन नाकावाटे जातात आणि १.६ किलो पाणी होऊन. दिवाळीत जमवलेला चिवडा-चकलीचा ऐवज पोटावरून निघतो, शिरेतून सोड्याच्या रूपाने फुप्फुसात येतो आणि श्वासागणिक हवेत विरतो. ज्याच्या पाठीवर बसून आपलं पोट घराबाहेर पडतं त्यालाच घाण म्हणायचं, हा कुठला न्याय?

आमच्या अशिलाला एक कुप्रसिद्ध चुलतभाऊ आहे, कार्बन मोनॉक्साइड. त्याचे गुन्हे पुष्कळदा याच्या नावावर जमा होतात. तो खरा बदमाश. प्राणवायूच्या खुर्चीवरच बसतो, दोनशे पटींहून घट्ट बसतो, आणि रक्ताला असा उजळ लाल रंग आणतो की ऑक्सिमीटरही फसून ‘९८’ दाखवतो. घुसमट होत नाही, घंटा वाजत नाही, माणूस गुंगी येऊन पडतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे जे मृत्यू होतात त्यांतला आरोपी बहुधा हाच.

तेव्हा घरात गॅस गीझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर बसवून घ्या, आणि ते जमत नसेल तर अंघोळीला खिडकी सताड उघडी ठेवा, मग थंडी कितीही वाजो. उन्हाळ्यात पोरं विहिरीवर नाहीतर तलावावर निघाली की त्यांना आणखी एक सांगा. जास्त वेळ पाण्याखाली राहायची पैज लागली की डुबी मारण्याआधी दहा-वीस श्वास भराभर घ्यायची पोरांना सवय असते. त्याने प्राणवायू वाढत नाही, फक्त धोक्याची घंटा वाजवणारा बाहेर जातो. मग पाण्याखाली श्वास घ्यावासा वाटण्याच्या आधीच शुद्ध हरपते, आणि वर थांबलेल्यांना वाटतं की गडी पैज जिंकतोय. एक साधा श्वास घ्या, डुबी मारा, आणि गुदमरायला लागलं की मुकाट वर या.